तुमची पत्रं : माळ्यावरच्या तबकड्या

दिवाळी अंकानंतरच्या सदरात वडिलांच्या रेकॉर्डांबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं एका पिशवीत मावत नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिणं हातून होणार नाही, म्हणून ज्या पत्रांत चारचौघांचीही अडचण आहे ती निवडली आहेत.

नव्या वाचकांसाठी एवढं सांगते, की मी सांगलीची. कॉलेजच्या ग्रंथालयात ३३ वर्षं नोकरी केली. वडील रेल्वेत गार्ड होते, मिरज जंक्शनला. त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ४१२ रेकॉर्डींपैकी पुरातून वाचलेल्या आणि आमच्या ह्यांनी जमवलेल्या दोनशेच्या वर एलपी सध्या माझ्याकडे आहेत. वडील कधी तबकडी म्हणत नसत, ‘प्लेट’ म्हणत. ‘खाँसाहेबांची प्लेट लाव’ म्हटलं की अब्दुल करीमखाँची झिंझोटी रागातली रेकॉर्ड लावायची, हे आम्हां भावंडांना न सांगता कळायचं.

“ताई, सासऱ्यांच्या तीनेकशे रेकॉर्डी माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. बंगला विकून आम्ही फ्लॅटमध्ये जातोय. रद्दीवाला किलोवर न्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात देऊन मोकळी हो. माझं मन धजत नाही.” — एक वाचक, नाशिक

रद्दीवाल्याला आज नाही म्हणून सांगा. बाकीचं सावकाश ठरवता येईल. एकदा ट्रंक त्याच्या हातगाडीवर चढली की मग ठरवायला काही उरत नाही.

ट्रंका भरलेल्या तशा खाली उतरवू नका. लाखेची दहा इंची तबकडी साधारण २०० ग्रॅम भरते, म्हणजे दीडशे तबकड्यांची ट्रंक ३० किलोच्या वर गेली. हातातून निसटली तर आतल्या निम्म्यांचे तुकडे. त्यापेक्षा एकाने माळ्यावर बसून दहा-दहा खाली द्याव्यात, दुसऱ्याने घ्याव्यात. खाली आल्या की भिंतीला लावून उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर खालच्यांना वरच्यांचं ओझं सोसत नाही.

मग दोन गट करा. जड, अजिबात न वाकणारी, कडेला टिचकी मारली तर मातीच्या ताटलीसारखी वाजणारी ती लाखेची, ७८ फेऱ्यांची. लाख, दगडाची पूड आणि काजळी मिसळून ती केलेली असते. हलकी आणि किंचित लवणारी ती विनाइलची, म्हणजे मोठी एलपी किंवा छोटी ईपी. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या साधारण १९७० पर्यंत निघत होत्या. त्यामुळे ‘लाखेची म्हणजे शंभर वर्षं जुनी’ असं धरून चालू नका.

आता मधला कागद पाहा. हिज मास्टर्स व्हॉइसच्या कुत्र्याच्या चित्राऐवजी लेखणी घेतलेला देवदूत दिसला, तबकडीची मागची बाजू कोरी असली किंवा हॅनोव्हर हे नाव छापलेलं असलं, तर ती तबकडी हाताने पुसायलासुद्धा जाऊ नका, तशीच बाजूला ठेवा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. म्हणून त्या काळच्या गायिका गाणं संपताना घाईघाईने आपलं नाव सांगतात. परदेशातल्या कारागिराला कुठली तबकडी कुणाची ते कळावं, एवढ्यासाठी. ते नाव ऐकताना मला दर वेळी भरून येतं. गाणं त्यांनी श्रोत्यांसाठी गायलं, नाव मात्र कारखान्यातल्या अनोळखी माणसासाठी सांगितलं, आणि आज ते आपण ऐकतो.

यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. यादी करा. साधी दोनशे पानी वही घ्या. तबकडीवरचा क्रमांक, कंपनी, गाणाऱ्याचं नाव, दोन्ही बाजूंची गाणी, राग लिहिला असेल तर राग, चीर किंवा टवका असेल तर तो. कागदाशेजारच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेले बारीक आकडे असतात, तेही उतरवा. छापील क्रमांकापेक्षा कधी कधी ते जास्त सांगून जातात. कव्हरवर किंवा पाकिटावर सासऱ्यांनी काही लिहिलं असेल, दुकानाचा शिक्का असेल, ‘चि. सौ. कां.ला भेट’ असं काही असेल, तर तेही जसंच्या तसं. माझ्या वडिलांच्या वहीत प्रत्येक प्लेट कुठल्या स्टेशनावर ड्यूटी असताना घेतली ते लिहिलेलं आहे. पुणे, बेळगाव, हुबळी, लोंढा. ४१२ नोंदी आहेत, एकही चुकलेली नाही.

रोज अर्धा तास दिलात तर तीनशेची यादी महिन्या-सव्वा महिन्यात होते. यादी झाल्यावर सगळ्याच ठेवा असं मी म्हणणार नाही. ज्या ऐकाव्याशा वाटतात, ज्यांवर सासऱ्यांचा हात दिसतो आणि ज्या दुर्मीळ निघतील त्या ठेवा. चाळीस-पन्नास एलपी कपाटाच्या एका कप्प्यात बसतात. बाकीच्या ऐकणाऱ्याला द्या, रद्दीला नको. नुसतं एवढं आठवा. जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. त्यांनी गाणं मुद्रित होऊ दिलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्याबरोबर ते गेलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर तबकडीवर गायल्या, आणि गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. दोन पिढ्यांमधला फरक साडेतीन मिनिटांच्या एका तबकडीने केला. तुमच्या ट्रंकेत कुणाची साडेतीन मिनिटं आहेत हे पाहिल्याशिवाय ती किलोवर कशी द्यायची?

“काकू, मी सुटकेससारखा दिसणारा नवा प्लेअर घेतला. त्यावर ७८ ची सोय आहे. पणजोबांच्या बालगंधर्वांच्या रेकॉर्ड लावल्या तर खरखर इतकी की शब्द कळत नाहीत, आणि आवाजही जरा बायकी वाटतो. रेकॉर्ड खराब झाल्या का?” — वय वर्षं २३, डोंबिवली

बाळा, त्या रेकॉर्डी बहुतेक चांगल्या आहेत. सुई चुकीची आहे.

लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ०.०७५ मिलिमीटर टोकाची सुई लागते. एलपीची सुई तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, किंवा त्याहून बारीक. तुझ्या प्लेअरला तीन वेग आहेत पण सुई एकच आहे, आणि ती एलपीची आहे. ती खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी जाऊन बसते. तळात काय असतं? शंभर वर्षांची धूळ आणि जुन्या पोलादी सुयांचा कीस. तू तेच ऐकतोयस. प्लेअरच्या मॉडेलला बसणारी ‘७८’ची वेगळी सुई मिळते का ते दुकानात विचार. पूर्वीच्या विजेच्या प्लेअरमध्ये सुई उलटवायची छोटी कळ असायची, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी. जुन्या बाजारात तसा चालू प्लेअर सापडला तर घेऊन टाक. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोरबाजार तुला जवळ आहे.

आवाजाबद्दल म्हणशील, तर बालगंधर्व स्त्री-भूमिका करायचे, त्यामुळे गळ्यातली ती नजाकत खरीच आहे, ती तुला ऐकू आली याचा मला आनंद झाला. पण वेगही तपासून घे. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसत, आणि स्वस्त प्लेअरही नेमका ७८ वर फिरत नाही. वेग सहा टक्क्यांनी वाढला की अख्खं गाणं अर्ध्या सुराने वर जातं. पेटीच्या काळी दोन पट्टीत गाणारा माणूस पांढऱ्या तीनात गाऊ लागतो. तपासायचं कसं? कागदाची चकती काप, तिच्या कडेने सारख्या अंतरावर ७७ काळ्या रेघा काढ, ती फिरत्या तबकडीवर ठेव आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली पाहा. रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या तर वेग ७८ च्या अगदी जवळ आहे. पुढे सरकताना दिसल्या तर जास्त, मागे सरकताना दिसल्या तर कमी. एलपीसाठी १८० रेघा काढायच्या. एलईडीच्या दिव्याखाली हे जमेलच असं नाही.

आणखी एक, उलट चूक करू नकोस. घरात चावीचा फोनो असेल तर त्यावर हौसेनेसुद्धा एलपी लावायची नाही. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या वर असतो, एलपीला दोन-तीन ग्रॅमदेखील भरपूर होतात. पोलादी सुई एका फेरीत ती एलपी खरवडून काढते. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड घातलेली असते तीच मुळी सुई झिजावी आणि खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. त्यामुळे एका बाजूला एक नवी सुई, हा नियम. वडील वापरलेली सुई लगेच रिकाम्या काड्यापेटीत टाकायचे आणि पेटीवर दोरा गुंडाळायचे. दोनशे सुयांची नवी डबी आणली की मला कुत्र्याचं चित्र बघायला द्यायचे, उघडायला मात्र देत नसत.

“२०२१ च्या जुलैतल्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होतं. एलपी धुऊन वाळवल्या, पण आता पाकिटांवर आणि तबकड्यांवर पांढरी बुरशी येते. पुसली की पुढच्या पावसाळ्यात परत. काही उपाय आहे का, की सोडून द्यायच्या?” — एक वाचक, चिपळूण

सोडून देऊ नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे मी भोगलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा ४० ला, धोका ४५ ला. आमचं घर गावभागात. २००५ साली पाणी जिथवर आलं होतं त्याच्या दोन हात वर मी रेकॉर्डी ठेवल्या होत्या, आणि तरी ते पोचलं. आम्ही सहा दिवस बहिणीकडे मिरजेला होतो. परत आलो तेव्हा खालचे दोन कप्पे गाळाने भरलेले होते. पाकिटांचा लगदा झाला होता, आणि त्या लगद्यात तबकड्या उभ्या होत्या, जशा लावल्या होत्या तशाच.

तेव्हा जे शिकले ते सांगते, पुढच्या वेळी कुणाच्या उपयोगी पडेल. गाळ वाळू द्यायचा नाही. वाळला की तो पॉलिशपेपरसारखा खाच घासतो. एलपी स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवल्या तरी चालतात, म्हणून त्या मी पाण्यात थांबवल्या आणि आधी लाखेच्या धुतल्या. लाखेच्या फार वेळ पाण्यात ठेवू नयेत. पसरट थाळ्यात पाणी, त्यात सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि हात नेहमी खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. शेवटी बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे. नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे राहतात. मग भांडी निथळायच्या स्टँडवर उभ्या. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, तबकडीवरचं गाणं आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. माझ्या शेजारच्या मुलाने मदत म्हणून प्रेमाने एक तबकडी अशी चकचकीत करून दिली होती. मी त्याला काही बोलले नाही.

कव्हरं चिकटली होती ती शिवणीवर कापून उघडली, टीपकागदात दाबून वाळवली. पुढची चित्रं बरीचशी वाचली. पुठ्ठे टाकले.

तुमची बुरशी परत येते ती या पुठ्ठ्यांमुळे. तबकडी स्वच्छ झाली तरी ओल आणि बुरशीचं बी पाकिटात आहे. बुरशी कागदावर आणि खळीवर जगते, विनाइलवर ती नुसती बसते. तेव्हा तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, कोरड्या ब्रशने आधी वरची बुरशी झाडा. मग एलपी वर सांगितल्याप्रमाणे धुवा. विनाइलसाठी चार भाग बॅटरीचं पाणी आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, मधल्या कागदाला न लावता. आतली जुनी कागदी पाकिटं टाकून द्या आणि साध्या पॉलिथिनची नवी घाला. जाड चकचकीत पीव्हीसीची नकोत. ती उन्हाळ्यात तबकडीला चिकटतात आणि धुरकट डाग पाडतात. तो डाग निघत नाही. बाहेरची कव्हरं कडक उन्हाऐवजी पंख्याखाली वाळवा आणि तबकडीपासून वेगळी ठेवा. वेगळी ठेवताना दोन्हींवर एकच नंबर पेन्सिलने टाका. नंबर नसला की महिनाभरात कुठलं कव्हर कुणाचं ते कळेनासं होतं.

कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. पावसाळ्यात कप्प्यात ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. रंग पालटला की भट्टीत किंवा तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतं. आणि वाजवा. आमच्याकडे ज्या एलपी दर महिन्याला बाहेर निघतात त्यांना पुराच्या नंतरही बुरशी आलेली नाही, ज्या जपून ठेवल्या त्यांना आली.

आमच्या ४१२ पैकी ३७ फुटल्या. कुठल्या फुटल्या हे मला नेमकं सांगता येतं, कारण वडिलांची वही देवघराच्या वरच्या फळीवर होती.

“आई तबकडीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. त्याने खरखर कमी होते का?” — सातारा

त्या क्षणी होते. सुई तेलावरून घसरते, म्हणून गुळगुळीत ऐकू येतं. पण तेल खाचेत राहतं, त्यावर धूळ बसते आणि वर्षाभरात काळी पेस्ट तयार होते. माझ्याकडे अशी एक तबकडी आली होती. लाकडी टूथपिकला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्याने एका बाजूला दोन दुपारी गेल्या. आईंना ठाऊक नव्हतं, त्यांचं मन गाण्यासाठीच होतं. तुम्ही मात्र लावू नका.

“शाळेसाठी जुन्या नाट्यपदांच्या रेकॉर्ड संगणकावर घेऊन सगळ्यांना ऐकायला खुल्या करायच्या आहेत. कायद्याची अडचण येईल का?” — एक शिक्षक, सोलापूर

मी वकील नाही, पण ग्रंथालयात स्वामित्वहक्काशी रोजच गाठ पडायची. १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. ही मोजणी सगळे करतात आणि इथेच थांबतात. तबकडीत आणखी दोन हक्क असतात, शब्दांचा आणि चालीचा. ते त्या त्या कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात.

‘मानापमान’चं उदाहरण घ्या. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. म्हणजे शब्द २००८ अखेर मोकळे झाले, चाली २०१५ अखेर. तबकडी १९३० च्या आसपासची असेल तर तीही मोकळी. ही खुशाल द्या. पण गदिमांचे शब्द असतील तर ते १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत थांबायचं. सुधीर फडके यांच्या चालीला तर २०६२ अखेर. तबकडी कितीही जुनी असली तरी. यादीत गीतकार आणि संगीतकार असे दोन रकाने वाढवा, म्हणजे हा हिशोब एका बैठकीत होतो.

संगणकावर घेताना ७८ च्या सुईने, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्या, आणि पहिली फाइल कसलीही सफाई न करता जपा. खरखर काढणारे प्रोग्रॅम तंबोऱ्याची आसही काढून टाकतात. ऐकवायला वेगळी प्रत करा.

“एलपी कापून सुंदर घड्याळं आणि गरम करून वाडगे करतात. आमच्या महिला मंडळात शिबिर घेतोय, जुन्या रेकॉर्ड पाठवाल का?” — पुणे

नाही पाठवणार. तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते. एका प्रदर्शनात मी एक घड्याळ पाहिलं. बारा आकड्यांच्या मधोमध किराणा घराण्याच्या एका गायिकेचं नाव वाचता येत होतं, आणि काट्यासाठी भोक वाढवताना नावातलं पहिलं अक्षर उडालं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शिबिर घ्यायचंच असेल तर दुभंगलेल्या, वाजणं शक्यच नसलेल्या एलपी घ्या, आणि आधी त्यांचा क्रमांक वहीत उतरवा.

“एका रेकॉर्डचे लाख रुपये मिळतात असं ऐकलं. आमच्याकडे साठ हिंदी सिनेमांच्या एलपी आहेत.” — जळगाव

गाजलेल्या सिनेमांच्या एलपी भरमसाट छापल्या जायच्या, त्यामुळे बाजारात त्या भरपूर आहेत. कव्हर धड आणि तबकडी बिनओरखड्याची असेल तर बरी किंमत येते, लाख विसरा. ज्या सिनेमांची गाणी चालली नाहीत त्यांच्या कमी निघाल्या, म्हणून त्याच कधी कधी महाग जातात. विकायच्या असतील तर एकेक ऐकवून विका, एकगठ्ठा देऊ नका.

“वय ८१. आयुष्यभर जमवलेल्या साधारण ९०० तबकड्या, बहुतेक ७८ च्या. मुलगा परदेशी, त्याला रस नाही, त्याला दोष देत नाही. माझ्यामागे यांचं काय? कुणाला द्याव्यात?” — एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

आपलं अक्षर पाहून वडिलांची आठवण झाली. उत्तर थोडं लांबेल, क्षमा असावी.

पहिली गोष्ट, संस्थेचं नाव मोठं म्हणून देऊ नका. वडिलांच्या एका स्नेह्यांनी आपला अख्खा संग्रह एका संस्थेला दिला होता. हार, शाल, फोटो, सगळं झालं. चार वर्षांनी मी गेले तेव्हा खोकी न्हाणीघराच्या भिंतीला लागून होती, बांधलेली दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. त्यांच्याकडे यादी नव्हती, म्हणून काय आलं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मला वाटतं त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण ज्या वस्तूचं नाव कागदावर नाही ती कुणी शोधायला येत नाही, हे मी ३३ वर्षं पुस्तकांच्या बाबतीतही पाहिलं.

तेव्हा देण्याआधी विचारा. ठेवायला कोरडी खोली आहे का, वाजवायचं यंत्र आहे का, यादी लोकांना पाहता येते का, ऐकायला मिळतं का. आणि दानपत्रात लिहून घ्या, की संग्रह विखुरला जाणार नाही आणि ठेवणं जमलं नाही तर दुसऱ्या संग्राहकाला कळवलं जाईल. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. ही मंडळी तबकडीच्या क्रमांकावरून बोलणारी आहेत, आधी त्यांच्याशी पत्रव्यवहार करा. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं अभिलेखागार आहे, तिथे अभ्यासक जातात. दोन्हींकडे आधी यादी पाठवा, तबकड्या नंतर.

सगळ्या एकाच ठिकाणी द्याव्यात असाही माझा आग्रह नाही. नऊशेंतल्या पाच-पन्नास आपल्या गल्लीतल्या गाणं शिकणाऱ्या मुलीला द्याव्यात. अब्दुल करीमखाँसाहेब तीन मिनिटांत राग कसा उभा करतात, हे तिला शिकवणीत कुणी इतक्या थोडक्यात दाखवू शकणार नाही. आणि मुलाला एक तरी पाठवा. कुठली, ते तुम्हाला माहीत असेल.

माझ्याकडे वडिलांची एक प्लेट आहे, कडेपासून मध्यापर्यंत चीर गेलेली. लावली की दर फेरीला टक् होतं, मिनिटाला ७८ वेळा. आधी मला तो आवाजच ऐकू यायचा. आता गाणं ऐकू येतं. ती मी कुणाला देणार नाही, आणि तुमच्याकडेही अशी एखादी असणार. ती द्यायच्या गठ्ठ्यात चुकून जाऊ नये म्हणून आजच वेगळी काढा.

यादीचं काम या वयात एकट्याने करू नका. सांगली-कोल्हापूर अंतर ते काय. पाऊस ओसरला की मी आणि माझी भाची दोघी येऊ, ती लिहील, तुम्ही सांगा. दिवसाला शंभर झाल्या तरी नऊ दिवस. संपादकांकडे तुमचा पत्ता आहे, तारीख पत्राने कळवते. तोवर फोनोची स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, चावी भरलेली ठेवू नका. नुसत्या ताणाने ती तुटते. आल्यावर भरू.